सायकलचा चिमटा बसवताना

ज्याच्या हाती पाना त्याच्या हाती पुस्तक नाही, आणि ज्याच्या हाती पुस्तक त्याने पान्याला हात लावायचा नाही, अशी विभागणी आपल्या समाजात दीर्घकाळ चालत आली. ती आवडीनिवडीने ठरत नसे. जन्माने ठरत असे. तिचा परिणाम दुहेरी झाला. कारागिराचे ज्ञान त्याच्या बोटांतच राहिले, ते कागदावर उतरले नाही. आणि कागदावरचे गणित लोखंडाच्या कसोटीला कधी लागले नाही. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला या तुटीचे महत्त्व नेहमीच जाणवत आले आहे.

ही तूट ओलांडण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले, आणि त्यांतील एक तर सायकलच्याच दुकानातून झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी भावाच्या साथीने बेळगावात सायकलचे दुकान काढले. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ सालापासून मोजतो तो या दुकानापासून. पुढे लोखंडी नांगर आला, कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षकाने हातात पाना घेतला, एवढीच त्या कथेची सुरुवात आहे.

दुसरा प्रयत्न अधिक मूलगामी होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४२ साली व्हाइसरॉयला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य वर्गातील विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. त्याचबरोबर सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत त्यांना उमेदवारी करता यावी, अशीही मागणी केली. वकिली आणि प्रशासन यांच्याइतकाच कारखान्याचा दरवाजाही आपल्या मुलांसाठी उघडला पाहिजे, ही त्यांची दृष्टी त्यातून दिसते. निवासी शाळेच्या स्मरणिकेत सायकलच्या चिमट्याविषयी लिहिण्याचे धाडस आम्ही करत आहोत, ते याच परंपरेच्या आधाराने.

निमित्त मात्र अगदी साधे आहे. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी, जो आज पुण्याजवळील एका कारखान्यात नोकरी करतो, दिवाळीच्या सुटीत देवळाली प्रवऱ्यास आला तो एक जुनी ॲल्युमिनियमची फ्रेम पाठीशी बांधून. तिच्यावर त्याला टाइम ट्रायलची सायकल स्वतः बांधायची होती. अशी तयार सायकल लाखाच्या घरात जाते. ती त्याच्या आवाक्याबाहेरची. सुटीत वसतिगृहात थांबलेल्या इयत्ता नववीच्या मुलांना सोबत घेऊन आम्ही चार दिवस त्या कामात होतो. चाके, चेन, ब्रेक ही कामे मुलांनी सहज केली. खरा कस लागला तो चिमटा आणि त्याभोवतीचा हेडसेट बसवताना. त्या कामाची रीत आणि तिच्यामागची कारणे येथे मांडत आहोत.

टाइम ट्रायल म्हणजे काय?

नेहमीच्या सायकल शर्यतीत सर्व स्पर्धक एकत्र सुटतात. पुढच्याच्या आडोशाने मागच्याला वारा कमी लागतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्या 'घाटाच्या राजा'चे कौतुक आपल्या पिढीने ऐकले आहे. ती अशा सामूहिक शर्यतीची परंपरा. टाइम ट्रायलमध्ये मात्र स्पर्धक ठरावीक अंतराने एकेक सोडले जातात. कोणाचा आडोसा घेता येत नाही. प्रत्येकाचा वेळ मोजला जातो आणि कमी वेळ घेणारा जिंकतो. युरोपात तिला सत्याची शर्यत म्हणतात. १९९४ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये पुरुष व महिला या दोन्ही गटांसाठी ही वैयक्तिक शर्यत होत आली आहे.

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा असतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी ३० किलोमीटरवरून ४० किलोमीटरवर जायचे तर वेग एकतृतीयांशानेच वाढतो. पण वाऱ्याशी झुंजण्यास लागणारी शक्ती जवळजवळ २.४ पट होते. म्हणून टाइम ट्रायलचा स्वार कोपर पुढच्या गाद्यांवर टेकवून, हात एकमेकांजवळ घेऊन, पाठ आडवी करून बसतो. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँड यांनी अशाच पुढे आलेल्या दांड्यांच्या साह्याने अखेरच्या दिवशीची २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल जिंकली आणि संपूर्ण शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी आपल्या नावे केली.

या बैठकीची एक किंमत असते. अंगाचे बरेच वजन पुढे येते, हात ब्रेकपासून दूर जातात आणि सायकल वळवण्याचे काम कोपरांच्या हलक्या हालचालींवर येते. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. अशा वेळी चिमटा किंचित ढिला असेल तर सायकल थरथरते; हेडसेट जास्त आवळलेला असेल तर ती सरळ रेषेत राहत नाही; आणि चिमट्याची नळीच तुटली तर सावरायला अवधी मिळत नाही. २००६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत अमेरिकेच्या जॉर्ज हिंकॅपी यांच्या सायकलची चिमट्याची नळी धावत्या शर्यतीत तुटली आणि हँडल हातात घेऊनच ते कोसळले. ते जगातील नामांकित संघाचे स्वार होते. त्याच शर्यतीत ते आधी एकदा पडले होते. त्या पडण्याने नळीला इजा झाली असावी, असे मानले जाते. एकदा आपटलेला चिमटा वरून धड दिसला तरी संशयास्पद समजावा, हा त्यातील धडा.

घरी बांधलेल्या सायकलची थोरवी

स्वतः बांधलेली सायकल म्हणजे गरिबाची तडजोड, असा समज असेल तर स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री यांचे उदाहरण पाहावे. त्यांनी आपली सायकल स्वतः बांधली; तिच्या पायडलच्या मधल्या आसासाठी धुलाई यंत्रातील बेअरिंग वापरले. एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम इटलीच्या फ्रान्चेस्को मोझर यांच्या नावे १९८४ पासून होता : ५१.१५१ किलोमीटर. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतील हामार येथे ओब्री यांनी आपल्या सायकलच्या नव्याने घडवलेल्या प्रतिकृतीवर प्रयत्न केला, तो फसला. दुसऱ्या दिवशी, १७ जुलैला, ते स्वतः बांधलेल्या जुन्याच सायकलवर उतरले आणि ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून विक्रम मोडला. सहाच दिवसांनी ख्रिस बोर्डमन यांनी ५२.२७० किलोमीटरचा नवा विक्रम केला, हेही सांगितले पाहिजे. तरीही जगाच्या स्मरणात ओब्री यांची सायकल राहिली. जो आपल्या यंत्राचा प्रत्येक सांधा जाणतो, त्याचा यंत्रावर विश्वास असतो.

जुनी रीत आणि नवी रीत

आपल्या परिसरात ज्या काळ्या दणकट सायकली पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, त्यांच्या चिमट्याची रचना बहुतेकांनी पाहिली असेल. चिमट्याच्या उभ्या नळीला वरच्या बाजूस आटे असतात. फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीत, जिला हेड ट्यूब म्हणतात, वर आणि खाली एकेक वाटी बसवलेली असते. वाट्यांत ग्रीस लावून छर्रे ठेवतात, वरून आट्यांची वाटी फिरवून ढिलेपणा काढतात आणि वायसर घालून नटाने ती जागा पक्की करतात. हँडलची दांडी नळीच्या आत उतरते व आतील पाचरीने घट्ट होते. मिस्त्री दोन पान्यांनी हे काम काही मिनिटांत करतो.

१९९० नंतर वेगवान सायकलींत दुसरी रीत रूढ झाली. तिच्यात चिमट्याच्या नळीला आटेच नसतात. हँडल धरणारा तुकडा, म्हणजे स्टेम, नळीला बाहेरून मिठी मारतो आणि बाजूच्या दोन बोल्टांनी आवळला जातो. नळीच्या माथ्यावर एक टोपी आणि तिच्यात एकच बोल्ट असतो. जुन्या रचनेत वाढलेला माणूस येथे हमखास गोंधळतो. त्याला वाटते, वरचा बोल्ट हँडल धरून ठेवतो. म्हणून तो सारा जोर लावून आवळतो. प्रत्यक्षात वरच्या बोल्टाचे काम एवढेच : स्टेम आणि कड्या खाली दाबून बेअरिंगमधील पोकळी काढणे. हँडल आणि चिमटा यांना एकत्र धरतात ते स्टेमच्या बाजूचे बोल्ट. ही दोन कामे वेगळी आहेत, हे एकदा समजले की नव्या हेडसेटचे निम्मे शास्त्र समजले.

चिमट्याची निवड

फ्रेम जुनी असली तरी चिमटा नवा घ्यायचा, हा निर्णय आम्ही प्रथम केला. कार्बनचा वापरलेला चिमटा निम्म्या किमतीत मिळत होता. परंतु कार्बनच्या आतील थर सुटले असतील तर ते डोळ्यांना दिसतीलच असे नाही. ज्या चिमट्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, त्यावर माणसाचा जीव टांगू नये. पैसे वाचवायचे तर सीट, पायडल, हँडलवरची पट्टी यांत वाचवता येतात.

चिमटा घेताना चार मापे जुळली पाहिजेत. पहिले, चाकाचे माप. दुसरे, उभ्या नळीचा व्यास. आमच्या फ्रेमला २८.६ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाहून अष्टमांश इंच कमी, अशी सरळ नळी लागत होती. अलीकडच्या पुष्कळ सायकलींत ती खाली रुंद होत दीड इंचापर्यंत जाते. असा चिमटा सरळ हेड ट्यूबमध्ये जाणार नाही. तिसरे, आसापासून माथ्यापर्यंतची उंची. दोन चाकांच्या आसांतील अंतर साधारण एक मीटर धरले तर चिमटा पावणेदोन सेंटिमीटर उंच झाल्यास साऱ्या फ्रेमचा कोन सुमारे एक अंशाने मागे झुकतो आणि सायकलचा स्वभाव बदलतो.

चौथे माप सर्वांत कमी लोक पाहतात : चिमट्याचा पुढे आलेला बाक. हेड ट्यूबची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला जेथे टेकते, त्याच्या थोडे मागे चाक जमिनीला टेकते. या अंतरामुळे चाक आपोआप मागे ओढले जाते आणि सायकल सरळ धावते. चाकाची त्रिज्या ३३६ मिलिमीटर, हेड ट्यूबचा कोन ७३ अंश आणि बाक ४५ मिलिमीटर असेल तर हे अंतर सुमारे ५६ मिलिमीटर येते. बाक ४० केला तर सुमारे ६१. मुलांनी हे गणित फळ्यावर त्रिकोणमितीने सोडवले. कोनाची कोज्या कशासाठी शिकायची, हा प्रश्न त्यानंतर त्या वर्गात कोणी विचारला नाही.

वाट्या बसवणे

आमच्या फ्रेमची हेड ट्यूब ३४ मिलिमीटरच्या वाट्यांची होती. वाटी नळीच्या भोकापेक्षा किंचित मोठी असते. फरक मिलिमीटरच्या एकदशांशाच्या आसपास. त्या फरकामुळेच ती घट्ट बसते. नळीची दोन्ही तोंडे परस्परांना समांतर आणि नळीच्या अक्षाशी काटकोनात असणे आवश्यक आहे; अन्यथा दोन बेअरिंग एका रेषेत येत नाहीत. हे तोंड घासण्याचे हत्यार महाग असते व एकदाच लागते. ते काम आम्ही बाहेरून, ज्याच्याकडे हत्यार आहे त्याच्याकडून करून घेतले. सगळे स्वतः करणे हे स्वावलंबनाचे लक्षण नव्हे. काय स्वतः करायचे आणि काय जाणकाराकडे न्यायचे, हे ओळखणे त्यात येते.

वाट्या हातोडीने ठोकू नयेत. तिरकी शिरलेली वाटी ॲल्युमिनियमची नळी कायमची बिघडवते. आटे पाडलेली लांब सळई, दोन नट आणि मोठ्या जाड वायसरी एवढ्या सामानात उत्तम दाबयंत्र होते. नळीच्या आत व वाटीच्या कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवून, एका वेळी एकच वाटी लावून, नट सावकाश फिरवावा. प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर वाटी सरळ जाते आहे ना, हे चारही बाजूंनी पाहावे. वाटीची कड नळीच्या तोंडाला सर्वत्र टेकली आणि मध्ये कागदही शिरत नाही, म्हणजे काम झाले.

चिमट्याच्या माथ्यावर खालच्या बेअरिंगसाठी एक रिंग बसते. अखंड रिंग घट्ट असते व नळकांड्याच्या साह्याने ठोकून बसवावी लागते. कार्बनच्या चिमट्यावर ठोकाठोकी टाळावी म्हणून आम्ही एका जागी चिरलेली रिंग घेतली. ती हातानेच बसते. त्यानंतरचा क्रम मुलांनी भिंतीवर लिहून ठेवला होता : खालून वर, रिंग, खालचे बेअरिंग, खालची वाटी, हेड ट्यूब, वरची वाटी, वरचे बेअरिंग, निमुळती चिरलेली कडी, झाकण, स्पेसर म्हणजे उंचीच्या कड्या, स्टेम आणि माथ्याची टोपी. बंद बेअरिंगची तिरपी कड वाटीच्या तिरप्या कडेलाच बसली पाहिजे. उलटे बेअरिंगही आत शिरते, पण थोड्याच दिवसांत खडखडू लागते.

निमुळती चिरलेली कडी हा सर्वांत क्षुल्लक दिसणारा भाग. ती विसरली तर सर्व काही बसल्यासारखे वाटते, मात्र चिमट्याची नळी वरच्या बेअरिंगच्या मध्यभागी धरली जात नाही आणि कितीही आवळले तरी ढिलेपणा जात नाही.

नळी कापणे

नवा चिमटा येतो तेव्हा त्याची उभी नळी लांब असते. ती स्वाराच्या मापाने कापावी लागते. हे काम घाईचे नाही, कारण कापलेली नळी पुन्हा वाढत नाही. सर्व भाग न आवळता जागेवर चढवावेत, स्वाराला बसवून हँडलची उंची ठरवावी, आणि शक्य असल्यास काही दिवस जास्तीच्या कड्या ठेवून सायकल चालवून पाहावी. स्टेमखाली किती कड्या चालतील याची मर्यादा चिमट्याच्या निर्मात्याने दिलेली असते, ती पाळावी. उंची निश्चित झाल्यावर नळी स्टेमच्या किंवा सर्वांत वरच्या कडीच्या माथ्यापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर खाली येईल अशी खूण करावी. नळी माथ्याला भिडली तर टोपी नळीवरच टेकते आणि बेअरिंगवर दाब येतच नाही.

कार्बनसाठी इंचाला ३२ दात असलेले बारीक पाते वापरावे. खुणेभोवती चिकटपट्टी गुंडाळावी, पाते व नळी ओली ठेवावी आणि सरळ कापण्यासाठी मार्गदर्शक साचा लावावा. नळ कापण्याचे गोल हत्यार कार्बनला चालत नाही. ते थर चिरडते. कार्बनची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. तोंडावर मास्क, हातात मोजे आणि ओल्या फडक्याने धूळ टिपणे हे नियम मुलांकडून आम्ही कटाक्षाने पाळून घेतले. कापलेली कड बारीक पॉलिश कागदाने बाहेरून आत अशी हळुवार घासावी.

धातूच्या नळीत वरचा बोल्ट धरण्यासाठी चांदणीच्या आकाराचा नट ठोकून बसवतात. कार्बनच्या नळीत तो कदापि ठोकू नये; त्याचे पोलादी दात आतील थर ओरबाडतात. तेथे आतून फुगून घट्ट होणारा प्लग वापरतात. तो स्टेम जेथे आवळला जातो त्या उंचीवर असावा, म्हणजे नळीच्या भिंतीला आतून आधार मिळतो. प्लग आणि कार्बन यांच्यामध्ये ग्रीस लावू नये.

दाब आणि आवळणे

आता कामाचा मर्म. स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले ठेवून वरचा बोल्ट हळूहळू आवळावा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवावी आणि दुसऱ्या हाताचे बोट वाटी व झाकण यांच्या फटीवर ठेवावे. ठकठक जाणवली तर आणखी किंचित आवळावे. ब्रेकच्या लवचिकतेनेही सायकल हलते. म्हणून चाक काटकोनात वळवून पुन्हा तपासावे. ठकठक थांबली की पुढचे चाक उचलून फ्रेम थोडी कलती करावी. हँडल आपल्या वजनाने अलगद एका बाजूला पडले पाहिजे. ते अडले, किंवा मध्यभागी खटका जाणवला, तर दाब जास्त आहे. ब्रेकच्या केबल हँडलला ओढतात, म्हणून ही चाचणी केबल जोडण्यापूर्वी करावी.

भगवान बुद्धांनी सोण स्थविराला दिलेले वीणेचे उदाहरण आपल्या वाचकांना परिचित आहे : तार फार ताणली तरी सूर निघत नाही, फार सैल सोडली तरी निघत नाही. बेअरिंगच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. ढिल्या बेअरिंगमध्ये छर्रे आपटून वाटीत खड्डे पाडतात. आवळलेल्या बेअरिंगमध्ये ते रुतून खड्डे पाडतात.

दाब योग्य झाल्यावर स्टेम चाकाच्या रेषेत आणावा आणि बाजूचे दोन बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. कार्बनच्या नळीवर ग्रीस नको. त्यासाठीची खरबरीत पेस्ट मिळते, ती कमी आवळूनही पकड देते. किती आवळायचे हे बहुधा स्टेमवरच लिहिलेले असते. आमच्या स्टेमवर ५ न्यूटन-मीटर होते. म्हणजे किती? १० सेंटिमीटर लांबीच्या किल्लीच्या टोकाला ५ किलोचे वजन टांगल्यावर जेवढा पीळ पडेल, जवळपास तेवढा. माध्यमिक शाळेच्या विज्ञानात बलाचे आघूर्ण शिकवले जाते; येथे ते मनगटात उतरते. टॉर्क दाखवणारा पाना मिळाल्यास तोच वापरावा. हाताचा अंदाज अनुभवी मिस्त्रीचा असेल तर ठीक. नवशिक्याचा जोर जवळजवळ नेहमीच जास्त पडतो.

शेवटी पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल वळवण्याचा बेताने प्रयत्न करावा. ते सरकता कामा नये. पहिल्या फेरीनंतर सर्व तपासण्या पुन्हा कराव्यात, कारण नव्या वाट्या व कड्या आपापल्या जागी थोड्या बसतात. त्यानंतर ढिलेपणा आला तर वरचा बोल्ट एकटा आवळून उपयोग नाही. आधी स्टेमचे बोल्ट सैल करावेत, मग दाब द्यावा, मग स्टेम आवळावा. हा क्रम उलटला की बोल्टाचे आटे जातात आणि ढिलेपणा तसाच राहतो.

आपल्या मातीतील काळजी

देवळाली प्रवरा आणि राहुरी फॅक्टरीच्या परिसरात काळी जमीन, कालव्यांचे पाणी आणि ऊस यांचे राज्य आहे. पावसाळ्यात चिखल पुढच्या चाकावरून सरळ खालच्या वाटीवर उडतो. उन्हाळ्यात त्याचीच बारीक धूळ होते. त्यामुळे हेडसेटमध्ये आधी खराब होते ते खालचे बेअरिंग. पावसाळा संपला की चिमटा उतरवून ते पुसावे, भरपूर ग्रीस लावावे आणि नळीला तडा किंवा पांढरी रेघ दिसते का ते उजेडात पाहावे. जोराच्या पाण्याचा फवारा हेडसेटवर मारू नये. पाणी आत जाते आणि ग्रीस बाहेर येते. वेगाच्या सरावासाठी रस्ता आणि वेळ दोन्ही निवडावे लागतात. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. मान खाली घालून बसलेल्या स्वाराला त्या उशिरा दिसतात. आमच्या माजी विद्यार्थ्याने पहिली फेरी पहाटे फटफटल्यावर, मोकळ्या रस्त्यावर, साध्या बैठकीत आणि ब्रेकवर हात ठेवून मारली. पुढच्या दांड्यांवर कोपर टेकवले ते तिसऱ्या दिवशी.

पालकांसाठी थोडेसे

टाइम ट्रायलची सायकल मोजक्यांच्याच वाट्याला येईल. पण वाडीवस्तीवरून सायकलने शाळेत येणारी मुले-मुली पुष्कळ आहेत, आणि वर सांगितलेल्या तपासण्या त्यांच्या सायकलींनाही लागू पडतात. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. ठकठक लागते का पाहा. पुढचे चाक उचलून हँडल दोन्ही बाजूंना वळवा. ते खटका न देता फिरते का पाहा. चाक गुडघ्यांत धरून हँडल सरकत नाही ना, हे पाहा. आट्यांच्या हेडसेटमध्ये ढिलेपणा असेल तर वरचा नट सैल करून, वाटी हाताने बसेल तेवढीच फिरवून, ती धरून ठेवत नट पक्का करायचा. मुलगी उंच झाली म्हणून हँडल वर घेताना दांडीवरची मर्यादेची खूण बाहेर दिसू देऊ नका; ती दिसली की दांडी नळीत पुरेशी उरलेली नाही असे समजावे.

या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. ती वडिलांनीच केली पाहिजे असे नाही. ज्या मुलीची सायकल आहे तिलाच शिकवावी. नववीच्या मुलांनी त्या चार दिवसांत मापांची, क्रमाची आणि बोल्टांच्या टॉर्कची एक वही तयार केली. ती शाळेच्या ग्रंथालयात इतर पुस्तकांच्या रांगेत ठेवली आहे, आणि तिच्यासोबत सळई, नट व वायसरींचे ते दाबयंत्रही. दोन्ही मागून नेता येतात; परत आणून द्यावीत एवढीच अट आहे.